क्लच

दापोलीच्या वरच्या चिरेखाणीतून आणला, वजनावर.
काट्यावर चढवला तेव्हा खाणवाला म्हणाला,
टायर वेगळे धरू नका, त्यात हवासुद्धा नाही.

आता हर्णैत, आमच्या बर्फाच्या कारखान्यामागं,
जिथं भुसा साठवायचो तिथं
शक्तिमान उभा असतो.
डॅशबोर्डावर पितळी पट्टी. जबलपूर एवढंच वाचता येतं,
साल कुणीतरी पान्यानं खरवडलेलं.

पहिले तीन महिने मीही नुसता खरवडत होतो.
वर खाणीचा निळा,
मग जांभ्याची धूळ, रंगासारखीच बसलेली,
त्याखाली कुणाचा तरी पिवळा,
आणि तळाला तो हिरवा,
विहिरीच्या काठावरचं शेवाळ उन्हात वाळलं
की होतो तसा.
तो लागला त्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही.

अब्दुल्ला हमदुले होड्यांची इंजिनं बघतो.
म्हणाला, हर्णैत लोखंड पाळायचं म्हणजे
मांजर राखणीला बसवून बांगडे सुकवायचे.
खारा वारा रात्रीचा येतो आणि नटाच्या आट्यांतून चाटत बसतो.
मुशीचं तेल लाव.
लावलं.
तेव्हापासून बंदरावरची अर्धी मांजरं चॅसिसखाली झोपतात,
आणि रविवारी सेल्फ मारण्याआधी
काठी घेऊन मला हजेरी घ्यावी लागते.

पाण्याच्या पंपाचं गॅस्केट कुठंच मिळेना,
तर पुतणीच्या लग्नपत्रिकेचं कापलं.
अजून गळत नाही. पुतणीही सुखात आहे.

पंचवीस मिनिटं इंजिन चालवतो, दर रविवारी,
कुठंही न जाता.
लोक विचारतात, मिळतं काय यातून?
मी हात दाखवतो.

मग एकदा द्रौपदीबाई सकपाळ आल्या,
आमच्या काट्यावरच्या मिलिंदची आई.
तो डबा विसरला होता.
डबा हातातच राहिला.
"ह्याच गाडीवर व्हते आमचे," म्हणाल्या,
"तिकडं बर्फात. अठरा वर्षं.
फोटो धाडलेला एक, त्यात नुसता मडगार्ड आणि ह्यांची टोपी."

बर्फाचा क्रेट उपडा घातला, तेव्हा चढल्या, पदर खोचून.
स्टेअरिंगला हात लावला नाही.
हात मांडीवर, बँकेत बसतात तसे.
विचारलं, पाय कुठं ठेवायचे?

दाखवलं: हा रेस, मधला ब्रेक,
डावीकडचा क्लच, दाबून बघा.

दाबला. हलला नाही.
सीटची कड धरून, सगळं अंग टाकून दाबला.
अर्ध्यावर गेला, पाय थरथरला, परत आला.

"सुट्टीवर आले की रात्री डावाच पाय पुढं करायचे.
दाब म्हणायचे.
मी म्हणायची, चालत गेलाव काय तिकडून?
बसून गाडी हाकणाऱ्याचा कुठं पाय दुखतो?"

मागं बर्फ फोडायचं मशीन चालू झालं, थांबलं.

"मंजे खोटं नव्हतं," म्हणाल्या. मला नाही, पेडलला.

आणि पुन्हा दाबला, या वेळी तळापर्यंत,
आणि धरून ठेवला.
किती वेळ ते मी मोजलं नाही.
खालून एक मांजर उठलं, ताणलं, पुन्हा बसलं.

उतरल्यावर डबा शोधला, हातातच होता.
जाता जाता वळून म्हणाल्या,
"सीट मात्र ह्यांच्या वेळी अशी मऊ नसंल."

पुढच्या आठवड्यात अब्दुल्लानं
एका भंगार लॉरीचा बूस्टर आणला, घासूनपुसून.
हा बसव, क्लच लोण्यासारखा होईल,
तुझं वय काय कमी होतंय?

गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला.
म्हटलं, पाऊस सरला की बघू.
त्याला तीन पाऊस सरले. तो विचारत नाही.

मीच एकदा विचारलं,
मुशीचं तेल गुडघ्याला चालतं काय?
चालतं, म्हणाला,
फक्त मांजरं सांभाळ.