ओला दगड

एस्किशेहिरच्या जमिनीतून पांढरा दगड निघतो,
ओला असताना साबणासारखा मऊ.
तीस वर्षं मी त्यातून चिलमी कोरतोय,
दाढीवाले सुलतान, गरुडाचे पंजे,
गिऱ्हाईक मागेल ते.
घाईनं वाळवला तर तडकतो,
एवढंच शास्त्र मला येतं.

बेतिगुल नऊ वर्षांची.
मागच्या वर्षी शाळेत टॅब्लेट आला,
त्यावर तिनं आकृत्या जुळवल्या,
आणि सरकारचं पत्र आलं, तुमची मुलगी असामान्य आहे.
मुकद्देसनं ते फ्रिजवर लावलं,
लिंबाच्या चुंबकाखाली.
शेजारीण बकलावा घेऊन आली
आणि जाताना फ्रिजकडे अशी बघून गेली
जसं काही आम्ही कुणाचं तरी उचलून आणलंय.

तेव्हापासून दर शनिवारी दोन ट्राम,
आणि त्या केंद्राची काचेची इमारत.

आधी ती ट्राममध्ये बोलायची.
शेजारच्या बाईला विचारायची,
तुमची पिशवी रिकामी असताना किती जड असते?
आता खिडकीला कपाळ टेकून बसते.
खिशात खोडरबराचा चुरा, वहीला भोकं.
एका रात्री दिवा घालवताना म्हणाली,
"बाबा, यंत्र चुकू शकतं ना?
माझ्या वेळी चुकलं असेल."

मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून उभा होतो.

काढून घेऊ तिला, मी म्हणालो.
मुकद्देस कपड्यांच्या घड्या घालत होती.
"मला सातवीनंतर काढलं," म्हणाली,
"गणितात पहिली होते.
काढणं सोपं असतं, सबरी."
मग एकच टॉवेल ती उलगडत राहिली
आणि पुन्हा घडी करत राहिली.

पालकसभेत एक डॉक्टर, दोन इंजिनियर,
एकीनं मुलाच्या झोपेचा तक्ता आणलेला.
सगळ्यांचे प्रश्न इस्त्री केलेले.
माझ्या नखांत पांढरी भुकटी, हात मांडीखाली.
तुलाय बाईंनी विचारलं, तुम्हाला काही?
मला विचारायचं होतं,
जी पोर गल्लीत सगळ्यांच्या पुढे होती
तिला इथे चौदावी असणं कोण शिकवणार?
तोंडातून निघालं,
"वर्गाच्या खिडक्या उघडतात का?"
कुणीतरी हसलं.
बाई हसल्या नाहीत.
"नाही," म्हणाल्या, "बंदच असतात,"
आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

गेल्या रविवारी ती कारखान्यात आली,
मोडक्या तुकड्यांपाशी बादली घेऊन बसली.
एक वाळका तुकडा पाण्यात टाकला.
तो तरंगला.
"दगड कसा काय तरंगतो?"
"मला नाही माहीत."
तिनं मान वर केली.
कितीतरी महिन्यांत माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.
"खरंच नाही माहीत?"
"तीस वर्षं झाली. नाही माहीत."

मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून
तिनं मांडीवर घेतलं.
केंद्रात घड्याळ तिच्यावर नजर ठेवतं,
इथे ती घड्याळावर.
चहा दोनदा आला, दोनदा निवला.
मी सुलतानाच्या भुवया कोरत होतो,
एक जरा जास्तच चिंतातुर झाली.
"अकरा मिनिटं!" ती ओरडली, "गेला खाली!"

"बुडाला?"
माझा आवाज चढला असावा,
कारण शेजारच्या बाकावरचा हिक्मेतही थांबला.

"बुडाला नाही, बाबा. पितोय तो.
हे बघ, बुडबुडे."

आज शनिवार.
तिच्या खिशात ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं आहे,
कोटाला पाण्याचा डाग पसरत चाललाय.
मी विचारलं नाही.
दुसऱ्या ट्रामला अजून चार मिनिटं आहेत.
ती म्हणते, साडेचार.