फ्रिजमधली ऊब

वेलिच्कोनं जुना फ्रिज मागच्या खोलीत ओढत नेला
तेव्हा मी दारात उभी होते, कोपरापर्यंत पीठ.
चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज गार करत हिंडला हा माणूस,
साकारच्या टेकड्यांपासून थेट समुद्रापर्यंत,
आणि आता म्हातारपणी एकाला उलटं शिकवत होता:
ऊब धर.

साठ वॅटचा बल्ब. पिल्लंवाल्याकडून आणलेला थर्मोस्टॅट.
तळाला पाण्याचा टोप, माझा, न विचारता घेतलेला.

कासवीण कापणीच्या यंत्राखाली आली होती जूनमध्ये.
पाठीला तडा, कानाजवळ गव्हाचं कूस.
यानं तिला मोटारीच्या बंपरसारखं फायबर लावून सांधलं,
आणि अकराव्या दिवशी तिनं माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात
मागचे पाय रोवून खड्डा खणला,
तासभर, अजिबात घाई न करता,
जणू जमीन तिच्याच नावावर होती.

सात अंडी.
त्यानं प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं फुली मारली, वरच्या अंगाला.
फुली वरच राहिली पाहिजे, म्हणाला,
फिरवलंस तर आतला जीव आपल्याच घरात बुडेल.
हात लावू नकोस.

हे वाक्य मी एकदा ऐकलं होतं.
फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, प्लोवदिवच्या दवाखान्यात,
रालित्सा काचेच्या पेटीत, माझ्या वितीएवढी.
हा बाहेरच्या बाकावर बसून राहिला तीन दिवस, मान खाली.
चौथ्या दिवशी डॉक्टरला म्हणाला,
पंख्याचं बेअरिंग गेलंय, आवाज ऐका,
आणि खिशातून पाना काढला.
त्याला रडताना मी कधी पाहिलेलं नाही.
तो पाना अजून आहे.

साडेएकतीसच्या वर गेलं तर मुली,
खाली राहिलं तर मुलगे, असं त्यानं वहीत लिहिलं होतं.
काटा एकतीसवर. जे होईल ते होईल.
तो झोपला की मी उठायचे.
एवढंसं फिरवायचे, नखाच्या टोकानं,
पहाटे परत जागेवर.

ऑगस्टात वादळ आलं, तारा तुटल्या, गाव काळोखात.
राकियाच्या बाटल्यांत कढत पाणी भरून
आम्ही त्या त्याच्या लोकरी मोज्यांत घातल्या.
रात्रभर बाटल्या बदलत राहिलो,
एकमेकांशी न बोलता,
फक्त तो मधूनच म्हणायचा, स्तांका, गार झाली बघ ही.

मग मिरच्या भाजायचे दिवस आले.
अंगणभर धूर, हाताला सालींचा काळा राप,
आणि आतून त्याची हाक, नेहमीपेक्षा हळू.

एका अंड्याचा टवका उडाला होता.
भोकातून नाकाचं टोक, त्यावर टाचणीच्या टोकाएवढा दात,
जो आठवडाभरात गळून पडणार होता.
मी बोट पुढं केलं. त्यानं मनगट धरलं.
दीड दिवस लागला.
दीड दिवस ते भोकात नुसतं बसून होतं,
पोटाला बलकाची पिशवी, ती आटेपर्यंत
घर सोडायचं नाही असा त्याचा हिशेब.
बाहेर आलं, अक्रोडाएवढं, मातीनं माखलेलं,
आणि मान हलवली, इकडून तिकडे.
आमच्या देशात अशी मान हलवली की त्याचा अर्थ
हो.

एकूण चार निघाली. दोन अंड्यांना वास आला, ती पुरली.
सातव्याचं काहीच होत नाही.
ऑक्टोबर लागला तरी बल्ब तसाच,
मागच्या खोलीच्या दाराखाली पिवळी रेघ.
मी विजेच्या बिलाबद्दल बोलत नाही.

रविवारी रालित्साचा फोन येतो डब्लिनहून.
मुलगे की मुली?
वेलिच्को सांगतो, ते कळायला सात-आठ वर्षं लागतात गं,
आणि माझ्याकडे बघतो,
जरा जास्तच वेळ.
मी मिरचीच्या बरणीचं झाकण घट्ट करते.