मोजणी

फेरीबोटीतून उतरले तेव्हा तो धक्क्यावरच बसलेला,
डॉक्टर एव्हरिस्टो मिनेझिस,
पायांत रबरी चपला, मांडीवर दोन फोन.
पेपरात फोटो येतो तेव्हा अंगात कोट असतो,
मागे झेंडे.
दिवाडीत त्याला कोणी विचारलंच तर एवढंच,
काळुंद्रं घेणार का, आज स्वस्त आहेत.

'सिस्टर लोटलीकर, गुडघे चालतात अजून?'
'मी चालते,' म्हटलं, 'ते मागून येतात.'
पूर्वी अशा बोलण्यावर हसायचा.

बांबोळीच्या थिएटरात नऊ वर्षं
मी टेबलाच्या या बाजूला, तो त्या.
मग गेला. तीन महिन्यांसाठी, म्हणाला,
आईने बॅगेत सोलांची पुडी कोंबली.
पत्रं यायची:
'इथे पोट उघडं धरायला हत्यार नाही,
स्वयंपाक्याचे डाव वाकवून घेतले.
ज्या पातेल्यात सुया उकळतो त्यातच चहा,
तुम्ही ओरडला असता.'
पुढे पत्रं टाइप केलेली आली,
मग सही दुसऱ्याच कोणाची.
हातातली सुरी गेली, सुई गेली,
खुर्ची मोठी होत गेली.
आता सव्वीस देश,
आणि काम म्हणजे फोनवर हो किंवा नाही.

'मागच्या मंगळवारी नाही म्हणालो,' तो म्हणाला.
गावाचं नाव सांगितलं, माझ्या तोंडी बसलं नाही.
तिथलं इस्पितळ बंद करा, म्हणाला,
रात्रीच निघा, दिवे न लावता.
बारा माणसं होती आमची.
पुलापलीकडे अकरा पोचली.

नदीला भरती होती.
मानशीचं दार आपसूक मिटलं होतं,
खारं पाणी बाहेर, शेत आत.
त्याला कोणाला विचारावं लागत नाही.

मला ती रात्र आठवली. त्यालाही आठवली असणार.
सांग्याच्या बाजूची बाई, फाटलेलं आतडं.
टाके घालायची वेळ आली आणि मी म्हटलं,
'डॉक्टर, एक मॉप कमी आहे.'
भूल देणारा घड्याळ बघत होता,
रक्तदाब उतरत होता,
मोठे सर दारातून म्हणाले, मिटव, उद्या बघू.
हा म्हणाला, 'सिस्टर, पुन्हा मोजा.'
चाळीस मिनिटं.
बादल्या उपसल्या, चादरी झटकल्या,
त्याने तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून शोधलं.
शेवटी वॉर्डबॉयने दाखवलं:
माझ्याच स्लिपरच्या तळव्याला चिकटलेला,
लाल, चपटा,
रात्रभर मी त्याच्यावर उभी.

बाई वाचली. तिने पुढच्या वर्षी फणस पाठवला.

'तुम्ही म्हणायचात ना,' तो म्हणाला,
'टाके घालण्याआधी,
मोजणी पूर्ण आहे, डॉक्टर.
मग मला झोप यायची.'
आणि माझ्याकडे बघत राहिला.

चार शब्द. काय जात होतं माझं?
म्हातारी बाई, निवृत्त, खोटं बोलले असते
तर कोणत्या वहीत लागलं असतं?
पण इतकी वर्षं मोजलंय मी. जीभ वळेना.
'पुन्हा मोजा,' म्हटलं.

त्याने बोटं उघडली.
नावं घेऊ लागला, एकेक, सावकाश,
कुठली फ्रेंच, कुठली तिकडची,
एक आपल्या कुंकळ्ळीची पोर.
फेरीबोट पलीकडे गेली, परत आली,
चार स्कूटर, एक पाववाला, एक नवरी उतरली.
अकराव्या नावावर तो थांबला.
बारावं त्याला ठाऊक होतं. घेतलं नाही.

मग वाकून त्याने उजव्या पायातली चप्पल काढली,
उलटी केली,
उजेडात धरून पाहिली.

चिखल होता. मांडवीचा, काळा.
बोटाने खरवडून बघितला त्याने,
खाली काही आहे का.