दारं धरताना

रात्रीचे दोन. वाळवंटात उणे सहा.
डोंगरावरच्या दुर्बिणी आकाश उपसतायत
आणि खाली माझ्याकडे एकच तार.

रांगेत आठशे बारा फायली.
जर्मनीत उजाडलंय, त्यांना आत्ताच हवंय.
जपान म्हणतं, आमची पाळी काल चुकली.
सान्तियागोचा ओसान्दोन फोनवर नुसता श्वास घेतो,
मागणं त्याचंही तेच.

एकीचा वेग मी आवळते, दुसरीला वाट देते,
तिसरीला सांगते, थांब पहाटेपर्यंत.
या कामाचा हुद्दा माझ्या दारावर लिहिलाय, लांबलचक.
सोकाइरेत माझ्या बापाकडे याच कामासाठी
एक फावडं होतं.

एक झरा, एकतीस घरं.
एलेउतेरिओ आयाविरे रात्रभर दारं धरायचा,
इकडचं मातीनं बुजव, तिकडचं फोड,
मका, बटाटा, किनोआ.
घड्याळ नव्हतं. ठरलेला तारा टेकडीला टेकला
की दोन्या होसेफाचं पाणी बंद.
शिव्या खायचा, जास्त करून वरच्या अंगाच्या.

त्याचं पाणी वाटेत जिरायचं.
बादलीभर सोडलं तर तांब्याभर पोचायचं
आणि कुणी हिशोब मागत नसे.
माझं जिरत नाही.
एक अक्षर कमी भरलं
तरी पलीकडची बेरीज जुळत नाही,
मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्यात आज कुठेतरी एक तारा फुटला.
तातडीचं, तातडीचं, पडदाभर लाल.

रांगेच्या तळाशी एक फाइल, नऊ दिवसांची.
अन्तोफागास्तातली कुणी विद्यार्थिनी, यास्ना कोल्के.
दोन गिगाबाइट. एका मंद, बिनमहत्त्वाच्या ताऱ्याची
चार वर्षं.
दर वेळी कुणीतरी तिच्यापुढे शिरतं.
यंत्राच्या लेखी यात काहीच चुकलेलं नाही.

बापाचा एक नियम कुठल्याच वहीत नव्हता:
पाणी सोडण्याआधी शेवटच्या शेतापर्यंत चालत जायचं,
भेगेत बोट घालून बघायचं
किती आत जातं.

मी फुटलेला तारा अडवते.
चाळीस सेकंद.

जर्मनीतून लगेच विचारणा: तार तुटली का?
नाही, मी लिहिते.
पुढे काय लिहावं ते सुचत नाही.
हात तेवढे, चिखलाचे असल्यासारखे,
पँटला पुसते.