ना-हरकत

धुळ्याच्या आरटीओत सकाळी साडेदहालाच
पत्रे तापून कडकड बोलायला लागतात.
लिंबाखाली आम्ही तिघं:
मी, एजंट सुपडू अण्णा,
आणि माझी नऊ वर्षांची पांढरी गाडी, जीजे झिरो फाइव्ह,
उशिरा आलेल्या पोरीसारखी
वर्गाच्या दारात उभी.

सुरतेची ना-हरकत, विमा, पीयूसी,
कर्ज फिटल्याचा दाखला,
बँकेचं बदलीचं पत्र, झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स.
सुपडू अण्णा पत्ते वाटल्यासारखे
बेडसे साहेबांच्या हातात देत गेले.

डावा इंडिकेटर. उजवा. वायपर.
काच कोरडी, वायपर किंचाळला.
हॉर्न.
वरचा कावळासुद्धा हलला नाही.
"रिव्हर्स घ्या."
घेतला, आणि आधीच्या मालकाने बसवलेला भोंगा
बारीक आवाजात सांगू लागला:
ध्यान राखजो, गाडी पाछळ आवे छे.
ट्रॅक्टर पासिंगला आलेली पोरं फिदीफिदी.
साहेब हसले नाहीत. काहीतरी लिहिलं.

मग बॉनेट.
मदतनीस रॉकेलचा बोळा घेऊन आत वाकला,
काजळी पुसली,
कागद ठेवून पेन्सिल आडवी घासू लागला.
शाळेत आम्ही चार आण्याचं नाणं
वहीच्या पानाखाली ठेवून उठवायचो, तसंच.
एम, ए, तीन,
पुढे नुसता करडा धूर.
"घास अजून," साहेब म्हणाले,
"नंबर जात नाही कुठे."

बाप एकाहत्तर साली
दोंडाईच्याहून पॅसेंजरने निघाला,
पत्र्याची एक पेटी घेऊन उधन्याला उतरला.
लूम दुरुस्त करायचा.
त्याच्याकडे कुणी ना-हरकत मागितली नाही.
त्याने तरी कुणाकडून आणली असती?
उधन्यात आम्ही शेवटपर्यंत महाराष्ट्रवाळा.
इथे परवा भेंडी तोलता तोलता बाई म्हणाली,
"गुजरातना का, ताई?"

"मूळ गाव?" अर्जातून मान वर न काढता.
बँकेतली माझी मराठी चांगली आहे,
पण तोंडून निघालं ते
चाळीतल्या नळावरचं:
"दोंडाईचं. झिपरू मिस्तरीनी आंडेर शे मी."

पेन थांबलं.
"आंडेर?"
आता कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जसं मघाशी टायरकडे पाहिलं होतं, वाकून, नीट.
"आसं आते कोन्ही बोलस नही."

मी काय सांगणार.
आम्ही नेली तेव्हा ती अशीच होती.
रोज वापरली,
फक्त तिच्यात नवं काही घालायला
तिथे कुणी नव्हतं.

तरी गाडी नापास.
मागचा डावा लाल दिवा लागेना,
आणि तो भोंगा काढून टाका.
"गुरुवारी या," म्हणत त्यांनी
पेन्सिलीचा कागद फायलीला टाचला:
सतराच्या सतरा उठलेले,
एक आठ जरा पुसट.

सुपडू अण्णांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.
दोंडाईचाला त्यांची मावशी दिलेली होती म्हणे.

पारोळा रोडच्या पंपावर
पोराने पाटी वाचली, दात दाखवले:
"केम छो, बेन?"
"मजामां," मी म्हणाले सवयीने,
"पाचशेनं टाक, भाऊ."