रिकामा रकाना

टिमकीतलं दुकान, वर तापलेला पत्रा,
एप्रिलमध्येच पारा चव्वेचाळीसवर.
मनिराम हेडाऊंनी वही पुढे सरकवली:
"हे सारं कम्प्युटरात घ्या, मॅडम.
पोरगा म्हणते, आता वही चालत नाही."

वही लाल, पाठीला सुतळी.
पानांना टुल्लू पंपाच्या ग्रीसचा वास,
मधेच एखादी वाळ्याची काडी,
खूण म्हणून की चुकून, कळलं नाही.

घरी येऊन टर्मिनल उघडलं.
ह्या फ्रेमवर्कला कुठलंही काम सांगायचं
तर पीएचपीनंतर 'आर्टिसन' लिहावं लागतं.
कारागीर, टेबल बनव.
कारागीर, रूटची यादी दे.
चार वर्षं लिहिते आहे,
कधी कुणाला हाक मारल्यासारखं वाटलं नव्हतं.

ग्राहकाचा फॉर्म: नाव, पत्ता, मोबाइल,
तिन्ही बंधनकारक.
मोबाइल दहा आकडी, नाहीतर लाल अक्षरांत तक्रार.
वहीतला पहिलाच ग्राहक:
'पिवळ्या गेटची बाई, कुत्रा बांधाले सांगणे.'
दुसरा: 'वकील नाही, त्याचा भाऊ.'
तिसरा: 'गांधीबाग, जिन्याखाली, आवाज देणे.'
माझं व्हॅलिडेशन तिघांनाही
दारातूनच परत पाठवत होतं.
मी 'शेरा' नावाचा रकाना जोडला.
लांबी: लागेल तेवढी.

मग रक्कम.
ताट्या बदलल्या, साडेतीनशे.
पंप, सहाशे, त्यातले दोनशे दिवाळीनंतर.
आणि एक ओळ, दर उन्हाळ्यात, सलग अकरा वर्षं:
'सोरते. ताट्या, पंप, आतून रंग.'
पुढे काही नाही.
मी तिथे शून्य भरला.
बेरीज पैशापर्यंत जुळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून
स्क्रीनवर बोट टेकवलं. ठसा उमटला.
"इथं शून्य काहून?"
त्यांनी पैसे दिले नाहीत ना, काका.
"त्यायनं नाही दिले असं नाही. म्या मांगितले नाही."
मग शून्यच झालं की.
"शून्य म्हणजे हिशेब झाला, बाई.
हा हिशेब म्या मांडलाच नाही."

सोरते कोण, मी विचारलं नाही.
त्यांनी दुरुस्तीला आलेल्या कूलरचं बटण दाबलं,
आणि त्या घरघरीत बोलणं तसंही शक्य नव्हतं.

परतताना झिरो माइलच्या सिग्नलला अडकले.
दगडी खांब, उन्हात उधळलेले चार घोडे.
शून्य ही तरी एक जागा असते,
तिथे उभं राहून मैल मोजता येतात,
मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवू शकतो.
वहीतल्या त्या जागेवर
असं कुणालाच उभं राहता येत नव्हतं.

रात्री पुन्हा: कारागीर, नवं मायग्रेशन बनव.
रकमेपुढे एकच शब्द वाढवला, 'नलेबल',
मागे एक बाण, पुढे दोन कंस, अर्धविराम.
बारा मिलिसेकंदांत झालंसुद्धा.
लगेच बिलाचं पान कोसळलं:
जे नाही, ते रुपयांत कसं छापू?
त्याला समजावता समजावता अडीच वाजले.

तिथे 'मोफत' लिहून पाहिलं. पुसलं.
'माफ' लिहिलं, ते तर आणखीच वाईट.
आडवी रेघ दिली,
तर कुणीतरी खोडल्यासारखं दिसायला लागलं.
शेवटी काहीच छापलं नाही,
फक्त जागा राखली,
वहीत होती तेवढीच रुंद.

आठवड्याने त्यांच्या मुलाचा फोन:
मॅडम, एका ओळीत बग आहे,
रक्कम दिसत नाही.

मी म्हटलं, बाबांना विचार.