कानाचं माप

माल बुधवारी येतो, सांगलीहून, टेम्पोनं.
तीन जोड मी वेगळे काढतो:
काळा साडेचारशेचा, पांढरा बाराशेचा,
आणि तपकिरी, चार हजारांचा,
जो मिरजेत कुणी घेत नाही,
पण काचेखाली असला की काळा लवकर खपतो.

अकरा वर्षं झाली. बेस भारी आहे बघा, म्हणतो.
कुणी म्हणालं कानात टोचतंय,
तर म्हणतो, सवय होईल.

परवा नर्सिंगची एक पोरगी पांढरा परत घेऊन आली.
रात्रपाळी करते, दिवसा झोपते,
होस्टेलच्या भिंतीपलीकडं मालगाड्यांचं शंटिंग.
म्हणाली, आवाज छान आहे हो,
पण कुशीवर वळलं की
कानात चिंचोका कोंबल्यासारखं होतं.
सगळ्यात लहान रबर लावून दिला.
दुखायचं थांबलं, पण गाणं पातळ झालं,
म्हणाली, ताकात पाणी घातल्यासारखं.

विकलेला माल परत घेतला जाणार नाही,
ही पाटी माझ्याच हातची.
तिला म्हटलं, उद्या या.
आणि तिन्ही जोड घेऊन जिना चढलो.

वर दस्तगीरचाचा.
चपडा लाखेचा वास, खुंटीला उलटे टांगलेले भोपळे,
मांडीवर हाडाची घोडी आणि हातात कानस.
त्यांचाच तंबोरा माझ्या मोबाईलमध्ये आहे,
पुतण्यानं चांगल्या माईकवर घेतलेला.
तोच लावला.

काळा: दोन मिनिटं ऐकून काढला.
"भरतेश, हे नुसतं धप्प धप्प करतंय.
याला सर्दी झालीय."

तपकिरी: बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कानाची पाळी चोळत म्हणाले,
"सगळं आहे यात. पण जड आहे.
तासाभरानं ऐकायचं सोडून
कानाकडंच लक्ष जाईल."

पांढरा, लहान रबराचा:
"चारी तारा लागल्यात, स्वच्छ.
पण भोपळा कुठाय?"

मी म्हटलं, चाचा, बाराशेत भोपळा कुठला येणार.
ते हसले नाहीत.
जोड उजेडात धरला, नळीची मान बघितली,
रबर काढला
आणि घोडीवर तारेखाली सारतात
त्या सुती दोऱ्याच्या रिळातून वीतभर तोडून
दोन वेढे दिले. थुंकी लावून बसवले.
वर रबर.

डोळे मिटले त्यांनी.
"आला," म्हणाले.
कोण?
"भोपळा. वारा निसटत होता बाजूनं."

मग मी घातला.
खालचा सा कानात नाही, घशाच्या मागं कुठंतरी उमटला,
आणि दोन आघातांच्या मध्ये
ध्वनिमुद्रणात राहून गेलेली गॅसवाल्याची हाळी,
कुणीतरी कुकर उतरवल्याचा आवाज.
डोळे उघडले तर चाचांचे ओठ हलत होते.
काही ऐकू येईना.
चहाचं विचारत असणार, म्हणून म्हटलं, अर्धाच.
त्यांनी माझ्या कानातून एक ओढून काढला:
"त्या पोरीचा कान केवढा आहे, विचारतोय."

सांगता आलं नाही.
इतके कान आले दुकानात,
मी खिशाकडंच बघत होतो.

गुरुवारी ती आली, पाळी संपवून, डोळे लाल.
डावा कान जरा अरुंद निघाला,
तिथं एकच वेढा ठेवला, उजव्याला दोन.
आता झोपून बघायला पाहिजे, ती म्हणाली,
आणि मी काही बोलायच्या आत
काउंटरच्या काचेवर आडवं डोकं ठेवलं तिनं,
खाली चार्जर, कव्हरं, तपकिरी जोड.

एक गिऱ्हाईक पायरीवर आलं, रिचार्जचं.
मी त्याला हातानंच थांब म्हटलं.
दोघंही उभे राहिलो.
काचेवर तिच्या श्वासाची वाफ
धरत होती, विरत होती.